बोटभर लाकडाची गोष्ट

मागच्या दोन भाषणांत आपण गोधडीचा आणि जात्याचा इतिहास ऐकला. आज विषय लाकडाचा आहे. वाड्याच्या तुळईचा किंवा देवळाच्या सभामंडपाचा नाही, तर बोटभर लांबीच्या पट्टीचा आणि करंगळीएवढ्या काडीचा. ज्या लाकडातून पोरांची खेळण्यातली बैलगाडी, भातुकलीचा पाट, देवघरातला छोटा पाळणा आणि महालक्ष्म्यांपुढे मांडायचं इवलंसं उखळ-मुसळ होतं, त्या लाकडाची ही गोष्ट. हे लाकूड कुठून यायचं, कोण कापायचं, कसं कापायचं आणि आता ते का मिळेना, हे समजून घेऊ. आपल्या गटांच्या कामाशी याचा काय संबंध, हेही शेवटी पाहू.

सुरुवात आपल्याच मराठवाड्यातून करते. वेरूळची लेणी आपल्यापैकी पुष्कळ जणींनी शाळेच्या सहलीत पाहिली असतील. तिथल्या दहा नंबरच्या लेण्याला विश्वकर्मा लेणं म्हणतात. गावातली माणसं त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आता लेणं तर दगडाचं, मग सुतार कुठून आला? आत जाऊन वर बघितलं की उत्तर मिळतं. छताला एकामागे एक कमानीसारख्या फासळ्या आहेत, अगदी लाकडी छपराला असतात तशा. त्या सगळ्या दगडातच कोरलेल्या आहेत. लेणं साधारण सातव्या शतकातलं. कारागिरांसमोर लाकडी इमारतींचा नमुना होता आणि त्यांनी तो नमुना दगडात उतरवला. आतली मोठी मूर्ती बुद्धाची आहे. पण आसपासचे सुतार पिढ्यानपिढ्या तिलाच विश्वकर्मा मानून, आपल्या हत्याराचा देव म्हणून दर्शनाला येत, असं जुन्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे.

पुण्याकडं लोणावळ्याजवळ कार्ल्याचं लेणं आहे, ते याहून कितीतरी जुनं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथं छताच्या फासळ्या खऱ्याखुऱ्या सागवानी लाकडाच्या आहेत आणि त्या अजून जागेवर आहेत. दोन हजार पावसाळे गेले, लाकूड टिकलं. अजून एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कार्ल्याच्या भिंतीवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात सामी नावाच्या एका सुताराचं नाव आहे. वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकट गावचा. त्यानं लेण्याच्या दाराचं काम केलं. लेखात सुतारासाठी जो शब्द आहे, त्याच कुळातला वाढई हा शब्द विदर्भात आजही सुताराला वापरतात. त्या लेखांत भिक्षुणींच्या दानाच्या नोंदीही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराचं आणि काही बायांचं नाव दगडावर टिकलं. पुढच्या काळात गावोगावच्या सुतारांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. बायांची तर नाहीतच.

गावगाड्यातला सुतार

आता आपल्या गावात येऊ. आजी-पणजीच्या काळात गाव बलुत्यावर चालायचं. बारा बलुतेदारांत सुतार पहिल्या ओळीतला, म्हणजे थोरल्या कासेतला. त्याच्याशिवाय शेतीचं पान हलत नसे. नांगर, वखर, कोळपं, तिफण, जू, गाडीची चाकं, सगळं त्याच्याकडून. त्याबदल्यात सुगीला खळ्यावर त्याचा धान्याचा वाटा ठरलेला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात या सगळ्या व्यवस्थेचा हिशेब मांडलेला आहे. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पण गावाची घडी इकडं काय आणि तिकडं काय, बरीचशी सारखीच होती.

त्या व्यवस्थेत जातीचं ओझं होतं, हे विसरून चालणार नाही. काम जन्मानं ठरायचं. ते सोडायची मुभा नव्हती आणि दुसऱ्यानं शिकायचीही नव्हती. सुताराच्या घरात जन्मलेल्या मुलीनं दिवसभर बापाचं काम डोळ्यांनी पाहिलं, तरी वाकस तिच्या हातात कुणी दिलं नाही. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायला मी उभी नाही. पण त्या छपराखाली जे ज्ञान साठलं होतं, ते मात्र खरं सोनं होतं.

आपल्या भागात सागवान पहिल्यापासून कमी. बालाघाटाच्या डोंगररांगा आहेत, पण घनदाट रान नाही. म्हणून आपल्याकडचा सुतार बाभळीवर जगला. बाभूळ बांधाला उगवते, ओढ्याच्या काठाला उगवते, दुष्काळ सोसते. तिचा गाभा लालसर तपकिरी, जड आणि चिवट असतो. गाडीच्या चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, नांगराचं खोड, औताचे दांडे, सगळं बाभळीचं. कडेचं पांढुरकं लाकूड मात्र कीड लवकर धरतं. म्हणून जुने सुतार बाभळीचे ओंडके कापल्यावर विहिरीत, डोहात किंवा ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवत. महिनोन् महिने पाण्यात राहून आतला गोड रस निघून जायचा आणि किड्याला खायला काही उरायचं नाही. मग ते लाकूड सावलीत वाळवायचं. उन्हात टाकलं की तडकतं.

बाभळीखेरीज बाकीच्या झाडांचीही कामं ठरलेली होती. चिंचेचं लाकूड घट्ट, ते घाव सोसतं, म्हणून मोगरीला आणि घाण्याला. लिंबाचं दारं-चौकटींना, कारण कडू असल्यामुळं वाळवी लवकर लागत नाही. बोरीचं लाकूड लहान पण टणक, म्हणून मुठींना आणि खुंट्यांना. आंब्याचं मऊ, कापायला सोपं, ते पाटाला आणि फळ्यांना.

आता आपली बोटभर पट्टी यात कुठं आली? ती उरलेल्या लाकडात आली. खेळण्यासाठी म्हणून झाड कुणी तोडत नव्हतं. चाकाचा आरा तासला की छिलका निघायचा, जू कापलं की टोकाचा तुकडा उरायचा. सुताराच्या छपराखाली पोरं घुटमळायची ती त्यासाठीच. दिवस मावळताना हातातलं काम संपलं की सुतारकाका त्या तुकड्यांतून भोवरा करून द्यायचे, विट्टी-दांडू करून द्यायचे, दोन चाकांची गाडी करून द्यायचे. मुलींना पोळपाट-लाटणं आणि पाळणा. त्याचे पैसे कुणी घेत नव्हतं. मोठ्या कामातून छोटं काम आपोआप निघायचं.

झाडाचा हिशेब ठेवणारे राज्य

लाकूड कुठून आणायचं आणि कुठून आणायचं नाही, हा प्रश्न राज्यालाही पडला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. राज्यकारभार कसा करावा हे त्यात सांगितलं आहे. आरमाराच्या भागात लाकडाचा विषय येतो. जहाजाला सोट, फळ्या, डोलकाठ्या लागतात, त्यासाठी सागवान रानातून रीतसर परवानगीनं तोडावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं, असं ते सांगतात. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. माणसानं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. ती जबरदस्तीनं तोडली तर त्याच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मगच घ्यावं. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे, आणि आजही आपल्या ग्रामसभेत वाचून दाखवावा असा आहे.

सागवानाची ताकद किती, याचंही एक उदाहरण देते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कारागीर जहाजं बांधायचे. या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले होते. १८१७ मध्ये याच गोदीत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ नावाचं सागवानी जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी पाण्यावर तरंगतं आहे. इंग्रजांना आपलं सागवान का हवं होतं, हे यावरून कळतं. आणि मोठमोठी रानं पुढं सरकारी राखीव का झाली, गावच्या सुताराच्या हातून सागवान का सुटलं, याचं एक कारणही यातच आहे.

सावंतवाडीची चितारआळी

लहान लाकडी वस्तूंचं महाराष्ट्रातलं सगळ्यात प्रसिद्ध गाव म्हणजे कोकणातली सावंतवाडी. तिथं चितारी समाजाच्या लोकांची एक आळीच आहे, चितारआळी. लाकडी केळी, आंबे, सीताफळ, वांगी अशी रंगीत फळं-भाज्या, भातुकली, पाट, चौरंग, पाळणे, बैलगाड्या आणि भोवरे तिथं होतात. कोकणात गेलेलं माणूस तिथून काहीतरी घेऊनच येतं.

तिथल्या खेळण्यांसाठी जुन्या काळी मुख्य लाकूड होतं पांगाऱ्याचं. पांगारा म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी भरतो तोच. त्याचं लाकूड हलकं आणि मऊ असतं, कोरायला सोपं आणि रंग धरायला चांगलं. पण ज्या वस्तूला भार घ्यायचा, म्हणजे पाट, चौरंग, लाटणं, तिला पांगारा चालत नाही. तिथं आंबा, शिवण यांसारखी लाकडं लागतात. म्हणजे कारागिराला आधी झाड ओळखता आलं पाहिजे. फळ करायचं लाकूड वेगळं आणि पाटाचा पाय करायचं वेगळं.

ही कला टिकली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यानं चितारी लोकांना आश्रय दिला. तिसरे खेमसावंत यांनी १७५५ ते १८०३ असं दीर्घ राज्य केलं. त्यांच्या काळात तिथं गंजिफा आली. गंजिफा म्हणजे गोल, हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते. तेही चितारी लोक करू लागले. पुढं छापील पत्ते आले, प्लास्टिकची खेळणी आली, आश्रय संपला. १९७०च्या दशकाच्या सुमारास अशी वेळ आली, की गंजिफा करू शकणारे पुंडलिक चितारी हे एकटे वयोवृद्ध कारागीर उरले होते. तेव्हा राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू केलं. सत्त्वशीलादेवी स्वतः बसून शिकल्या आणि मग तरुण मुलामुलींना शिकवलं. राणीसाहेब असून त्या कारागिराच्या शिष्या झाल्या. आज राजवाड्यात गेलं तर दरबारच्या दालनात बसून रंगकाम करणारी माणसं दिसतात, त्यात बायाही असतात.

एका वृद्ध माणसाच्या हातात उरलेली कला एका बाईनं वेळेवर उचलली म्हणून वाचली. दहा वर्षं उशीर झाला असता तर आज ती फक्त संग्रहालयात काचेमागं दिसली असती.

संग्रहालयाचं नाव निघालं म्हणून सांगते. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाई यांची साथ होती. त्यांनी तलवारी-मुकुटांपेक्षा घरातल्या वस्तू जास्त गोळा केल्या: दिवे, अडकित्ते, फण्या, शेवयांचे लाकडी साचे, करंडे. म्हणजे ज्यांना बायांचा हात लागला त्या वस्तू. पुण्याला गेलात तर आवर्जून बघा. आपल्या माळ्यावर पडलेल्या वस्तू तिथं दिवा लावून ठेवलेल्या दिसतील.

शेजारच्या राज्यांत काय झालं

कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण आहे, खेळण्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. तिथलं मूळ लाकूड म्हणजे आपल्याकडं ज्याला काळा कुडा म्हणतात ते झाड. त्याचं लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं, बारीक कणाचं आणि गुळगुळीत असतं. कातावर, म्हणजे चरकावर ते फिरवायचं आणि फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवायची. घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर सारखी पसरते. मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणायची. तान्ह्या मुलानं तोंडात घातलं तरी भीती नको, असा हा रंग. आज तिथं कितीतरी बाया कातावर काम करतात.

आंध्रात कोंडापल्ली आहे. तिथं अगदी हलकं लाकूड वापरतात. हात, पाय, डोकं असे भाग वेगवेगळे कोरायचे आणि चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा कालवून केलेल्या लगद्यानं जोडायचे. भुसासुद्धा वाया जात नाही. पुरुष कोरतात, बाया रंगवतात. तेलंगणातलं निर्मल तर आपल्या नांदेडच्या पलीकडंच, आणि एके काळी आपण दोघं एकाच हैदराबाद संस्थानात होतो. तिथंही खेळण्यांचा आणि चित्रांचा मोठा धंदा उभा राहिला.

पण कोंडापल्ली आणि निर्मल या दोन्ही ठिकाणी एकच अडचण आली. लाकूड कमी पडलं. आसपासच्या रानातलं ते विशिष्ट झाड तोडलं गेलं, पण नवं लावलं गेलं नाही. हात आहेत, गिऱ्हाईक आहे, पण झाड नाही. लहान वस्तूला लाकूड थोडं लागतं म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण थोडं थोडं रोज लागलं आणि लावायचं कुणी मनावर घेतलं नाही, तर रानसुद्धा संपतं.

पट्टी कापायचं शास्त्र

आता थोडं कामाचं बोलू. बारीक पट्टी कापणं सोपं वाटतं, पण मोठी फळी कापण्यापेक्षा ते अवघड आहे. कारण असं, की करवतीचं पातं जेवढं जाड, तेवढं लाकूड भुसा होऊन जातं. समजा तुमच्याकडं साठ मिलिमीटर रुंदीची फळी आहे आणि तीन मिलिमीटरच्या पट्ट्या हव्यात. यंत्राच्या करवतीचं पातं तीन मिलिमीटर लाकूड खात असेल, तर दहाच पट्ट्या निघतात आणि जवळजवळ अर्धं लाकूड भुशात जातं. तेच एक मिलिमीटर खाणारं बारीक पातं असेल, तर पंधरा पट्ट्या निघतात. मोठ्या वखारीत गेलं की ते बारीक काम घेत नाहीत, ते यामुळंच.

दुसरी गोष्ट रेषेची. लाकडाला उभ्या रेषा असतात. पट्टी त्या रेषांच्या दिशेनंच निघाली पाहिजे. रेषा तिरकी कापली गेली, तर पट्टी बोटानं दाबली तरी तुटते. जुना सुतार म्हणूनच आधी लाकूड चिरफळून बघायचा. पाचर मारली की लाकूड आपल्या रेषेनंच फाटतं, खोटं बोलत नाही. बुरूड बाया बांबूच्या कांबट्या काढतात, त्या याच पद्धतीनं. त्यांच्या हाताला ही रेष बरोबर कळते.

तिसरी गोष्ट वाळण्याची. ओल्या लाकडाची पट्टी आज सरळ दिसते, आठ दिवसांत कमान होते. म्हणून पट्ट्या कापल्यावर एकावर एक, मधे काड्या ठेवून, वर वजन देऊन सावलीत ठेवायच्या. गाठी असलेला भाग बाजूला काढायचा. गाभ्याचं लाकूड वेगळं, कडेचं वेगळं. एकाच गाडीत दोन्ही मिसळली तर रंग वेगळा दिसतो आणि कडेच्याला कीड लागते.

या कामाला ताकद लागत नाही. लागते नजर, लागतो संयम. ज्या हातांनी शेवया वळल्या, गोधडीचा टाका सरळ घातला, त्या हातांना हे काम परकं नाही.

आपल्या जिल्ह्यातली आजची स्थिती

लाकडी चाकाची गाडी आता दिसत नाही. ऊसतोडीला जाणारी आपली माणसं टायरच्या गाड्या जुंपतात. औतं लोखंडी झाली, पेरणी ट्रॅक्टरवर गेली. जू, शिवळा, आरे, तुंबा, चाडं हे शब्द शाळेतल्या मुलांना विचारले तर ती एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. सुतार आता बहुतेक प्लायवूडचं काम करतात किंवा शहरात गेले. धारूरच्या बाजूच्या एका गावात एक वयस्कर सुतारकाका आहेत. तिथल्या गटाच्या बैठकीला गेले की मी त्यांच्याकडं डोकावते. बाभळीच्या उरलेल्या तुकड्यांतून ते वीतभर लांबीची बैलगाडी करतात. चाकाला आरे खरे, तुंबा खरा, जू निघतं आणि परत बसतं. मुलं कुणी शिकली नाहीत, म्हणाले. उरलेले तुकडे? चुलीत जातात.

याच विषयावरची एक आठवण सांगते. एका प्रदर्शनात आमच्या शेजारच्या दुकानात जुन्या औतांच्या छोट्या प्रतिकृती विकायला होत्या. सुबक होत्या, पॉलिश केलेल्या. एकीवर ‘तिफण’ असं लिहिलं होतं. आमच्या गटातल्या साठीच्या एक आजी ती हातात घेऊन म्हणाल्या, ‘ही तिफण कशी गं? फणं तर चार हायेत. आन् चाड्याला भोकं दोनच. बी जायाचं कुठून?’ विकणाऱ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं ती कुठल्या तरी कारखान्यातून घाऊक आणली होती.

आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. पण चाळीस वर्षं त्यांनी चाड्यावर मूठ धरली. बी किती सोडायचं, नळ्यांतून ते सारखं कसं पडायचं, सरत्यावर मोघायचं कसं, हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. नांगर पुरुषाचा असला, तरी पेरणीची मूठ पुष्कळ घरांत बाईचीच होती. औत सुतारानं घडवलं, पण ते कसं चालतं याचं अर्धं ज्ञान आपल्याकडं आहे. प्रतिकृती खरी व्हायची असेल, तर सुतारकाका आणि ही आजी एकत्र बसली पाहिजेत. हे काम बाहेरच्या कारखान्याला जमणार नाही.

गिऱ्हाईक कुठं आहे, असं तुम्ही विचाराल. आपल्याच सणांत आहे. महालक्ष्म्यांपुढं आपण शेतीचे, खेड्याचे देखावे मांडतो. त्यासाठी छोटं जातं, उखळ, विहिरीचा रहाट आपण प्लास्टिकचे विकत आणतो. संक्रांतीच्या वाणाला पूर्वी लाकडी फणी, करंडा असायचा, आता प्लास्टिकच्या डब्या असतात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तेव्हा मुलं लाकडी बैल घेऊन निघतात आणि त्या बैलांचा मोठा बाजार भरतो. दिवाळीत मुलं किल्ले करतात. शाळांना औतांचे नमुने लागतात. मी असं म्हणत नाही, की उद्यापासून प्रत्येक गटानं लाकूड कापायला बसावं. पापड-लोणच्यासारखं हे पंधरा दिवसांत शिकून होणारं काम नाही. त्यातून उसाच्या फडावर जाणं थांबेल, असंही मी म्हणणार नाही. पण एका गावातल्या दोघी-तिघी जरी शिकल्या, तरी ती विद्या गावात राहील.

लाकूड घेताना कायदा लक्षात ठेवा. आपल्या राज्यात झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा १९६४चा कायदा आहे. साग, चंदन, खैर, मोह, चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लाकडाच्या वाहतुकीलाही परवाना लागू शकतो. म्हणून झाड तोडण्याआधी तलाठी कार्यालयात आणि वन विभागात विचारा. पाटोद्याकडच्या बहिणींनो, नायगावच्या मयूर अभयारण्यातली काडीसुद्धा उचलायची नाही. खरं तर लहान कामाला झाड तोडायची गरजच नाही. वादळात पडलेली फांदी, बांधावरची छाटणी, जुन्या वाड्याची मोडकी चौकट, तुटलेलं जू यांतून भरपूर पट्ट्या निघतात. जुनं लाकूड तर पन्नास-पन्नास वर्षं वाळलेलं असतं, ते वाकत नाही. आणि एका वर्षात जितकं लाकूड वापरू, त्याच्या दुप्पट रोपं बांधाला लावायची, असा ठराव गटाच्या वहीत लिहून ठेवा. कोंडापल्लीत जे झालं ते आपल्याकडं नको.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा. तुमच्या गावात लाकडी औत घडवलेला सुतार हयात आहे का, ते विचारा. असेल तर त्यांच्याशी बोला आणि त्यांच्या हत्यारांची नावं लिहून घ्या. घरातल्या सासूबाईंना, आजीला बसवून तिफणीचे भाग विचारा आणि शाळेत शिकणाऱ्या मुलीकडून त्याचं चित्र काढून घ्या. माळ्यावरचं चाडं, मोडकी फणी, जुना पाट भंगारवाल्याला देऊ नका. आणि सांगणाऱ्याचं नाव त्या पानावर जरूर लिहा, बाईचंही आणि सुताराचंही. कार्ल्याच्या त्या सामी सुताराचं नाव आपल्याला आज माहीत आहे, ते कुणीतरी कोरून ठेवलं म्हणूनच.

ज्या गटांकडून अशा याद्या येतील, त्या मी पुढच्या एका भाषणात तुमच्या गावाच्या नावासह वाचून दाखवीन. तोवर काळजी घ्या, राम राम.